पगारवाढ मागण्यात कसला संकोच?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील कारखान्यांत, दुकानांत आणि छोट्या कार्यालयांत एक समज इतका खोलवर रुजला आहे, की तो तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. ज्याच्याकडे आपण काम करतो त्याच्याकडे पगारवाढ मागू नये, असा तो समज होय. त्याच्या समर्थनार्थ जी वाक्ये ऐकवली जातात ती ठरलेली आहेत : काम करत राहा, साहेब बघताहेत, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी हिशेब करू नये, कंपनीला परवडत असते तर तिने आपणहून दिले असते, पटत नसेल तर दुसरीकडे बघावे, आणि सर्वांत शेवटी, जागा सोडलीस तर बाहेर लाईन लागली आहे. मालक ही वाक्ये बोलतात यात नवल नाही. घरातील वडीलधारे, शेजारी आणि कित्येकदा त्याच खात्यातील जुने कामगारही हीच वाक्ये नव्या मुलाला शहाणपण म्हणून शिकवतात, हे अधिक गंभीर आहे. या पाचही वाक्यांपैकी एकही कसोटीला उतरत नाही आणि त्यांवर विश्वास ठेवण्याची किंमत कामगाराच्या घराला दर महिन्याला मोजावी लागते, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. वेतनाच्या चर्चेत तीन पातळ्या मानल्या जातात. ज्याखाली कोणत्याही परिस्थितीत जाता येत नाही ते किमान वेतन. उद्योगाची ऐपत आणि त्या परिसरातील प्रचलित दर पाहून ठरते ते न्याय्य वेतन. आणि ज्यात कुटुंबाचे अन्न, वस्त्र, निवारा यांखेरीज मुलांचे शिक्षण, आजारपण आणि म्हातारपण यांचीही तरतूद होते ते निर्वाह वेतन. १९४८ मध्ये नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने ही विभागणी मांडली, सर्वोच्च न्यायालयाने ती पुढे अनेक निवाड्यांत स्वीकारली, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतन हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून नोंदवले गेले. यांपैकी पहिली पातळी कायदा ठरवतो. पहिलीपासून तिसरीपर्यंतचे सगळे अंतर मात्र मागणी, चर्चा आणि करार यांनीच कापावे लागते. मागूच नये असे सांगणारा माणूस कामगाराला पहिल्या पायरीवर कायमचे बसवून ठेवत असतो.

आता पहिला दावा. चांगले काम केले की वाढ आपोआप मिळते, असे म्हटले जाते. ती कोण देणार, केव्हा देणार आणि कोणत्या मापाने देणार, या प्रश्नांचे उत्तर या वाक्यात कोठेही नाही. मालकाच्या दृष्टीने वेतन हा खर्च आहे आणि खर्च आपणहून वाढवणे हा कोणत्याही व्यवसायाचा स्वभाव नाही. मजुरी वाढू नये याविषयी मालकवर्गात सर्वत्र आणि सदैव एक अबोल एकवाक्यता असते, हे अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ मध्येच नोंदवून ठेवले आहे. दुसरीकडे, वाढ न मिळणे म्हणजे पगार आहे तेवढाच राहणे, ही समजूतही चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेसाठी शासनाने २०१६ पासून जे महागाईचे लक्ष्य ठरवून दिले आहे ते वर्षाला ४ टक्के आहे, म्हणजे सर्व काही सुरळीत चालले तरी किमती दरवर्षी तेवढ्या वाढणार असे देशाच्या अर्थव्यवस्थेने गृहीत धरले आहे. एखाद्याचा पगार १८,००० रुपयांवर तीन वर्षे थांबला, तर तिसऱ्या वर्षअखेरीस पूर्वीइतकीच खरेदी करण्यासाठी त्याला सुमारे २०,२५० रुपये लागतात. दरमहा सव्वादोन हजारांची ही तूट कोणी जाहीर केलेली नसते, तिचे पत्र कोणाच्या हाती पडत नाही, आणि तरीही ती झालेली पगारकपातच असते. मग गप्प बसणाऱ्याने काहीच गमावले नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

यावर एक प्रत्युत्तर दिले जाते. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर विशेष भत्ता मिळतो, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली अशी रक्कम की जी जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा बदलते. तेव्हा पगार वाढतोच आहे, असे सांगितले जाते. हे प्रत्युत्तर बारकाईने पाहिले पाहिजे, कारण अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत किंवा बदलापूरच्या माणकिवलीत सर्वाधिक फसगत येथेच होते. विशेष भत्ता वाढलेल्या किमतींची भरपाई करतो. अनुभव, कौशल्य आणि जबाबदारी यांचे मोल त्यात धरलेले नसते. शिवाय ज्याचा पगार किमान वेतनाहून थोडा वर आहे, त्याच्या बाबतीत भत्त्याची वाढ त्या वरच्या रकमेतच जिरवली जाते आणि एकूण आकडा हलत नाही. याचा परिणाम पगारपत्रके शेजारी शेजारी ठेवली की दिसतो. नवा हेल्पर दर सहा महिन्यांनी खालून वर सरकत येतो, पंधरा वर्षांच्या सेवेचा ऑपरेटर जागच्या जागी राहतो आणि दोघांतील अंतर दरवर्षी आटत जाते. पंधरा वर्षांच्या अनुभवाची किंमत अशा रीतीने शून्याकडे जात असताना कायद्याच्या दृष्टीने एकही रुपया बुडवलेला नसतो, म्हणून कोणत्याही कार्यालयात तक्रार दाखल होत नाही. या दुखण्यावर मागणीवाचून दुसरा इलाज नाही. त्याच अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरीतील कर्मचाऱ्यांना केंद्रीय वेतन आयोगाची श्रेणी, वार्षिक वेतनवाढ आणि सहामाही महागाई भत्ता या तीनही गोष्टी वेगवेगळ्या मिळत आल्या आहेत. किमतींची भरपाई आणि सेवेचे मोल या दोन भिन्न बाबी आहेत, हे सरकार स्वतःच्या नोकरांच्या बाबतीत मान्य करते. मग रस्त्यापलीकडच्या खासगी कारखान्यात त्या एक कशा होतात?

दुसरा दावा कृतज्ञतेचा आहे. अडीअडचणीला मालकाने उचल दिली, मुलीच्या लग्नात मदत केली, आता त्याच्याकडे पगाराचा विषय काढणे शोभत नाही, अशी ही भावना असते. भावना खरी असते. तिच्यावर उभा केलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. उचल म्हणजे पुढच्या पगारातून फेडून घेतलेले पैसे, आणि ज्या कामगाराला दर वर्षी उचल घ्यावी लागते त्याचा पगार त्याच्या संसाराला पुरत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. उल्हासनगरच्या बाजाराकडे पाहिले तर या दाव्यातील विसंगती अधिक ठळक होते. फाळणीनंतर विस्थापित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांनी कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेल्या वस्तीत, शून्यातून व्यापार उभा केला, आणि तो चिकाटीने व दरावर घासाघीस करूनच उभा केला. गजानन मार्केटमध्ये किंवा जपानी बाजारात कापडाचा एकही व्यवहार बोलणी झाल्याशिवाय पुरा होत नाही. घाऊक व्यापारी दर मागतो, किरकोळ व्यापारी तो खाली आणतो आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला कृतघ्न म्हणत नाही. जीन्स शिवणाऱ्या कारागिराचा पीसमागचा दरसुद्धा हंगाम पाहून ठरतो. त्याच दुकानाच्या गल्ल्यापलीकडे बारा वर्षे उभा राहिलेला विक्रेता मात्र स्वतःच्या दराविषयी बोलला की त्याची निष्ठा संशयास्पद ठरते. माल विकणाऱ्याने भाव केला तर तो व्यवहार आणि श्रम विकणाऱ्याने केला तर ती बेइमानी, हा न्याय कोठला? नोकरी हा करार आहे आणि कराराचा मोबदला वेळोवेळी पुन्हा ठरवणे हा त्या कराराचाच भाग आहे.

तिसरा दावा ऐपतीचा : कंपनीला परवडत नाही. येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. किमान वेतनाच्या बाबतीत ऐपतीचा प्रश्नच उद्भवत नाही. जो उद्योग आपल्या कामगारांना किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला अस्तित्वात राहण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने क्राऊन अ‍ॅल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात १९५७ च्या सुमारासच सांगून टाकले. त्यावरील पातळीवर ऐपत पाहिली जाते हे खरे. पण ऐपत नाही असे म्हणणाऱ्याने ती नसल्याचे दाखवले पाहिजे. नोंदणीकृत कंपनीला आपला ताळेबंद आणि नफातोटा पत्रक दरवर्षी कंपनी निबंधकाकडे सादर करावे लागते आणि अल्प शुल्क भरून ते कोणालाही पाहता येते. विक्री वाढली की नाही, संचालकांचे मानधन किती झाले, एकूण खर्चात वेतनाचा वाटा किती, हे आकडे तेथे असतात. वसाहतीत दुसरा प्लॉट घेताना, नवी यंत्रे आणताना ऐपत असते आणि मागणीपत्र समोर आले की ती संपते, तर त्या शब्दावर विश्वास कशासाठी ठेवायचा? ज्या उद्योगाची अडचण खरी असेल त्याने हिशेब उघडून दाखवावा. कामगार आकडे समजू शकतो, आणि अशा वेळी वाढ टप्प्याटप्प्याने घेण्याचे करारही या पट्ट्यात होऊ शकतात.

चौथा दावा अलीकडचा असून सुशिक्षित तरुणांत तो फार लोकप्रिय आहे : पगार वाढवायचा असेल तर कंपनी बदला, आहे तेथे मागून काही होत नाही. हा सल्ला देणारे लोक स्वतःला व्यवहारी समजतात, परंतु व्यवहाराचा हिशेब त्यांनी अर्धवटच केलेला असतो. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणारी रक्कम, सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर देय होते आणि ती शेवटच्या वेतनावर काढली जाते : प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. याचा अर्थ असा, की पंधरा वर्षे सेवा झालेल्या कामगाराच्या मूळ वेतनात आज २,००० रुपयांची वाढ झाली, तर त्याची आधीच जमा झालेली ग्रॅच्युइटी त्या एका सहीने सुमारे १७,३०० रुपयांनी वाढते. आहे त्याच ठिकाणी मिळालेली वाढ अशी मागच्या सर्व वर्षांना लागू होते. दर तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागत नाही. बदलापूरच्या माणसाला जवळपास नोकरी मिळाली नाही तर मुंबई गाठावी लागते, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत ६८ किलोमीटर जावे लागते आणि जाण्यायेण्याचे तीन-साडेतीन तास लोकलमध्ये जातात. त्या तासांचा मोबदला नवी कंपनी देते काय? घरापासून वीस मिनिटांवरच्या कारखान्यात हजार-दीड हजाराची वाढ बोलून मिळवणे हे पुष्कळदा दूरच्या चार हजारांहून अधिक फायद्याचे ठरते.

माणसे बदलणे महागात पडते ते मालकालाही. हेन्री फोर्ड यांनी जानेवारी १९१४ मध्ये आपल्या मोटार कारखान्यातील रोजचा मोबदला जवळजवळ दुप्पट करून पाच डॉलरवर नेला, कारण त्याआधीच्या वर्षी सुमारे १४ हजार कामगारांची संख्या टिकवण्यासाठी त्यांना ५० हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली होती. ते दानधर्म करत नव्हते. माणसे टिकवणे हे सतत नवी माणसे शिकवण्यापेक्षा स्वस्त पडते, हा हिशेब त्यांनी मांडला होता.

हाच हिशेब पाचव्या दाव्याला, म्हणजे बाहेर लाईन लागली आहे या धमकीला, लागू होतो. फाटकाबाहेर माणसे उभी असतात, पण ती त्या यंत्रावर उभी राहू शकतात काय? अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत कित्येक अभिक्रिया उष्मादायी असतात, म्हणजे त्या चालू असताना स्वतःच उष्णता निर्माण करतात. रिअ‍ॅक्टरमध्ये दुसरे द्रव्य किती वेगाने सोडायचे, तापमानाचा काटा कोठे आला की थांबायचे आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह केव्हा पूर्ण उघडायचा, हे अनुभवी ऑपरेटरच्या हाताला ठाऊक असते. ते न कळणाऱ्याच्या हाती पाळी दिली तर बॅच वाया जाते, आणि त्याहून वाईटही घडू शकते. हे मालकाला पक्के ठाऊक असते. ठाऊक नसते ते स्वतः ऑपरेटरला, कारण तू सहज बदलता येण्याजोगा आहेस, हे त्याला रोज ऐकवलेले असते.

या धमकीला इतिहासाचाही आधार दिला जातो : मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागितले आणि गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांपैकी असंख्यांचे संसार उद्ध्वस्त झाले, हे सत्य आहे. परंतु मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा होता, कामगारांना आपल्या पसंतीच्या प्रतिनिधींमार्फत बोलणी करण्याचा मार्ग बंद होता आणि तो कायदा रद्द व्हावा ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती, हे का सांगितले जात नाही? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केल्यावर त्या जमिनींचे मोल कापडाहून अधिक ठरले, हे का वगळले जाते? बोलण्याच्या वाटा बुजवल्या की असंतोष साठत जातो, हा त्या संपाचा धडा आहे. मागणी करू नये असा धडा त्यातून काढणे म्हणजे इतिहासाची मोडतोड करणे होय. त्याच मुंबईत १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले होते. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, अशा मागण्या त्यात होत्या. त्या काळीही कामगारांच्या नशिबी धमक्या होत्याच. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, आणि आज पगारवाढ मागू नये असे सांगणारा प्रत्येक जण ती सुट्टी उपभोगतो.

या मतप्रणालीतील एकच गोष्ट मान्य करण्याजोगी आहे : एकट्या माणसाचा आवाज दुबळा असतो. पण त्याचा निष्कर्ष गप्प बसणे असा निघत नाही; एकत्र येणे आणि तयारीने जाणे असा निघतो. वेतनाविषयी एकट्या कामगाराची मागणी सहसा औद्योगिक विवाद ठरत नाही, ती संघटनेने किंवा बऱ्याच कामगारांनी उचलून धरावी लागते. मान्यताप्राप्त संघटनेशी सद्‌भावनेने वाटाघाटी करण्यास नकार देणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही तिचा समावेश आहे. म्हणजे चर्चेला न बसणे हे कायद्याच्या नजरेत गैर आहे. चर्चा मागणे कोठेही गैर नाही. पर्यवेक्षक, लेखनिक, अभियंते यांच्यापैकी ज्यांना संघटनेचे छत्र नाही त्यांनी लेखी, तारखेनिशी आणि आकड्यांनिशी आपली बाजू मांडावी. मागील वाढ कधी झाली, त्यानंतर कोणती कामे अंगावर आली, त्याच वसाहतीत त्या कामाचा दर काय चालतो, हे एका पानात बसते.

वाढ कोठे घातली जाते हेही पाहिले पाहिजे. ती मूळ वेतनात न देता धुलाई, प्रवास अशा भत्त्यांत विभागली की ग्रॅच्युइटी आणि जादा कामाचा मोबदला यांचा पाया वाढत नाही. वेतन संहितेने भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनात धरण्याचा नियम केला, तो याच पळवाटेसाठी. मासिक वेतनाने २१,००० रुपयांची मर्यादा ओलांडली की अंशदान कालावधी संपल्यावर कर्मचारी राज्य विमा योजनेतून नाव जाते, ही भीतीही खरी आहे; पण तेवढ्यासाठी वाढ नाकारायची नसते, तर तिच्याबरोबर कुटुंबाचा आरोग्य विमा मागायचा असतो. पॅकिंग खात्यातील स्त्रियांना तर मौन अधिकच महाग पडते, कारण समान कामाला समान वेतन हा १९७६ पासून कायद्यात असलेला नियम दोन पगारपत्रके उघडपणे शेजारी ठेवल्याशिवाय अमलात येत नाही.

पगारवाढ मागणे म्हणजे याचना करणे नाही, उर्मटपणा नाही आणि विश्वासघात तर मुळीच नाही. विकलेल्या वस्तूचा दर ठरवताना विकणाऱ्याचे मत घेतले जाते, आणि श्रम ही माणसाकडे असलेली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. मालक आपणहून देईल म्हणून थांबलेल्या माणसाचा पगार दरवर्षी किमतींपुढे हरतो, त्याचा अनुभव नव्या भरतीच्या पातळीला येतो आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाती पडणारी रक्कम त्या मौनाच्या मापाने कमी भरते. तेव्हा या तीन शहरांतील प्रत्येक कामगाराने, लेखनिकाने आणि विक्रेत्याने आपले गेल्या तीन वर्षांचे पगारपत्रक काढावे, वाढ किती झाली आणि किमती किती वाढल्या हे मांडावे, शेजारच्या सहकाऱ्यालाही तसेच करायला सांगावे, आणि दोघांनी मिळून मागणीचा कागद मालकाच्या टेबलावर ठेवून त्याची पोच घ्यावी.